चिंतेचे कारण नाही

“पळसोकर, किरकोळ लावू का जबर? लवकर बोला, मला दुसरी पानं पडलीत!”

तिडकेमामा आमचे कंपोझिटर. हातातली टाइप जुळवायची स्टिक खाली न ठेवता ते खिडकीतून माझ्यावर ओरडत होते. शुक्रवारचे साडेदहा वाजून गेले होते. बाराला पानं मशीनवर चढायची आणि अडीचच्या लहान गाडीने ‘पूर्णातीर’चे गठ्ठे मूर्तिजापुराहून बनोसा-अंजनगावाकडे रवाना व्हायचे. गाडी चुकली की खेड्यापाड्यांतला अर्धा अंक बोंबलला.

“जबर लावा,” मी म्हणालो.

“जबर नाही.”

“नाही म्हणजे?”

“पहिल्या पानात गेलं. अण्णासाहेबांनी सकाळीच बसवून घेतलं. आता किरकोळ आहे आणि मयताचं आहे. मेला का तो तुमचा माणूस?”

“नाही हो मामा, काहीतरीच काय!”

“मग किरकोळच राहिलं.”

हे काय प्रकरण होतं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही वेडे होतो. सन तेहतीसची गोष्ट. आमचा टाइप जुना, झिजलेला आणि तुटपुंजा. अपघाताची बातमी नाही असा आठवडा जायचा नाही, म्हणून मामांनी तीन ओळी कायमच्या जुळवून, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवल्या होत्या. एक, ‘यांस किरकोळ दुखापत झाली असून चिंतेचे कारण नाही.’ दुसरी, ‘यांस जबर दुखापत झाली असून प्रकृती अत्यवस्थ आहे.’ आणि तिसरी मेलेल्यांसाठी. वर नाव-गाव जुळवायचं, खाली यातली एक बसवायची, झाली बातमी. बैलाने मारलेला असो, झाडावरून पडलेला असो की कापसाच्या जिनाच्या पट्ट्यात सापडलेला असो, ओळी ह्याच. नोकरीला लागलो तेव्हा मला याचं हसू आलं होतं. सहा महिन्यांत मीही दवाखान्यातून येता येता दारातूनच ‘मामा, एक जबर, दोन किरकोळ’ असं ओरडायला लागलो होतो. सवय वाईट, दुसरं काय.

मी तरातरा संपादकांच्या खोलीत गेलो. अण्णासाहेब बारलिंगे पहिल्या पानाचं प्रूफ डोळ्यांपाशी धरून बसले होते. म्युनिसिपालिटीच्या सभेत बुधवारी हमरीतुमरी झाली होती. कोणीतरी उपाध्यक्षांच्या अंगाखालची खुर्ची ओढली आणि ते हातावर आपटले. त्यावर अण्णासाहेबांनी अडीच कॉलम लिहिले होते. लोकशाहीला इजा, गावाच्या अब्रूला धक्का, सुशिक्षितांच्या भावनांना घाव, सगळं होतं त्यात. आणि शेवटी आमची ती दोऱ्यातली ओळ.

“अण्णासाहेब, उपाध्यक्षांचं मनगट मुरगळलंय नुसतं.”

“नुसतं?” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “भर सभेत माणूस जमिनीवर आला, पळसोकर! चाळीस वर्षांची पत गेली त्याची. ही काय किरकोळ गोष्ट आहे?”

“पण प्रकृती अत्यवस्थ असं छापतोय आपण. काल मी त्यांना बाजारात पान खाताना पाहिलं.”

“मग काय झालं? मन अत्यवस्थ असलं तर माणसाने पान खाऊ नये?”

“तसं नाही. जिनातला एक मजूर आहे, त्याचा हात…”

“मग जुळवा की हाताने नवी ओळ. मी का नको म्हणतो? फक्त गाडी चुकवू नका म्हणजे झालं.”

असे आमचे अण्णासाहेब. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या लेखी दुखापत ही ओळखीच्या माणसालाच व्हायची.

परत आलो तर मामांनी मानच हलवली. “अत्यवस्थमधला ‘स्थ’ आपल्याकडे दोनच आहेत आणि दोन्ही उपाध्यक्षांच्या मनगटाला लागलेत. दुसऱ्या शब्दांत लिहून द्या, जुळवतो, पण अर्धा तास लागेल. आणि पान तर हे पाहा, बांधून तयार आहे.” मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर ‘किरकोळ’ आणि ‘असून चिंतेचे कारण नाही’ एवढं उचलून टाकायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. जागा मोकळी दिसली असती, दिसू द्यायची होती. ते मला सुचलं नाही, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. सुचलं होतं. पण भूक लागली होती, कंटाळा आला होता आणि बातमी दोन ओळींची होती.

“लावा किरकोळ,” मी म्हणालो.

आता आदल्या दिवशी, गुरुवारी, मी काय पाहिलं ते ऐका. दुपारी जिनातून टांगा आला आणि सरकारी दवाखान्यासमोर थांबला. आत पंचवीसेक वर्षांचा एक गडी. उजवा हात खांद्यापर्यंत गोणपाटात गुंडाळलेला आणि गोणपाटातून रक्त गळत होतं. नाव उकर्डा सोनाजी टाले, राहणार नांदखेडा. आमच्या वऱ्हाडात आधीची लेकरं हाती लागली नाहीत की नव्या जिवाला उकिरड्यावर ठेवून उचलतात आणि उकर्डा म्हणतात. असल्या टाकाऊ नावाकडे देवाचं लक्ष जाऊ नये म्हणून. बाप गेलेला, घरी एकटी माय, कौतिकाबाई. तिची चार गेली आणि हा एक राहिला होता.

डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, “हात काढावा लागेल. विष वर चढलं तर माझ्या हातात काही नाही. घरचं कोणी असेल तर बोलावून घ्या.”

उकर्डा शुद्धीवर होता. त्याच्याबरोबर आलेला सोबती खाटेपाशी उभा होता. तो म्हणाला, “मी आत्ताच नांदखेड्याले कार्ड टाकतो.”

आणि मी, शहाणा, मध्येच बोललो. “कार्ड कशाला? ते बनोशाच्या पोस्टात पडून सोमवारी-मंगळवारी पोचेल. आमचा पेपर शनिवारी सकाळी तुमच्या गावात असतो. मी उद्याच्या अंकात घालतो.”

“खरंच सांगता, भाऊ?” उकर्डा म्हणाला. वेदनेने त्याचे ओठ पांढरे पडले होते, तरी चेहरा जरा खुलला. “आमच्या गावाले बोचरे गुरुजी पेपर वाचते चावडीवर. माय बसते ऐकाले. तिले समजीन.”

“समजेल ना. काळजी सोडा.”

सोबत्याने कार्ड टाकलं नाही. माझ्या शब्दावर टाकलं नाही. हंगामाचे दिवस, मुकादम कोणाला गावी जाऊ देईना, तेव्हा पेपर म्हणजे त्या लोकांना मोठाच आधार वाटला. पेपरवाल्याने स्वतः सांगितलं म्हटल्यावर आणखी काय पाहिजे!

शुक्रवारी अंक निघाला, गाडी मिळाली, मी जेवलो आणि झोपलो. शनिवारी सकाळी चहा घेताना अंक चाळला आणि तिसऱ्या पानावर खाली कोपऱ्यात ती बातमी छापलेली दिसली. उकर्डा सोनाजी टाले, नांदखेडा, यांचा हात जिनाच्या पट्ट्यात सापडून यांस किरकोळ दुखापत झाली असून चिंतेचे कारण नाही. मी ती तीनदा वाचली. मग स्वतःचीच समजूत घातली, की आई ती आई, किरकोळ ऐकलं तरी येईलच धावत.

रविवारी दवाखान्यात गेलो. हात काढला होता. अंगात ताप होता, पण डोळे दाराकडे.

“भाऊ, आलं का पेपरात?”

“आलं.”

“मंग येऊन राहिली असन. काल गुरुजींनं वाचलं असन, आज निघाली असन.” तो खाटेवरून लहान गाडीची शिटी ऐकायचा आणि डाव्या हाताच्या बोटांवर मोजायचा, स्टेशनावरून चालत यायला म्हातारीला किती वेळ लागेल ते. “काय लिवलं हो माह्याबद्दल?”

“हेच, अपघात झाला म्हणून.”

मी तिथून पळालो म्हटलं तरी चालेल. सोमवारी परत गेलो. जायचं नाही ठरवत होतो, पण पाय तिकडेच वळायचे. ना लिहिण्यात चित्त, ना जेवणात. प्रूफात मी दोन नावं उलटीसुलटी सोडली आणि अण्णासाहेबांच्या शिव्या खाल्ल्या. मनात एकच धोशा, हा माणूस बरा होऊ दे, म्हणजे मी छापलेलं खरं होईल. बघा केवढा स्वार्थ! त्याचा जीव वाचावा असं मला वाटत होतं ते माझ्या दोन ओळींसाठी.

सोमवारी ताप आणखी चढला होता. त्याने मला ओळखलं. “आज नाई आली. उद्या येईन.” मग म्हणाला, “तिच्या पायाले तर काई झालं नसन ना, भाऊ?”

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “त्याची आई आहे ना? मग कुठे आहे ती?”

मंगळवारी सकाळच्या गाडीने मी निघालो. अण्णासाहेबांना विचारलंसुद्धा नाही. ती गाडी कशी चालते ते तिकडच्या लोकांना विचारा. तरणा माणूस उतरून बोरं वेचून परत चढेल इतकी हळू. मी डब्यात या दारातून त्या दारात येरझारा घालत होतो. शेजारचा एक शेतकरी शेवटी म्हणाला, “बसा ना बाप्पा, तुमच्या चालन्यानं गाडी पळनार हाय का?”

बनोशापासून दोन कोस चाललो. गावात शिरलो तर चावडीवर कोणी नव्हतं. सगळं गाव वेचणीला. एका पोरीने शेत दाखवलं. पंधरा-वीस बाया ओळीने कापूस वेचत होत्या. कौतिकाबाई म्हणजे सगळ्यांच्या पुढे असलेली, काटक, उन्हाने रापलेली. मी पेपरातून आलो म्हटल्यावर ती ओटीतला कापूस सांभाळत, हसत माझ्यापाशी आली.

“अवो, तुमी पेपरवाले? बाप्पा, बाप्पा! माह्या उकर्ड्याचं नाव छापलं तुमी!” तिने कमरेची घडी सोडून कागद काढला. गुरुजींकडून मागून कापून घेतलेली आमची बातमी. “गुरुजींनं दोनदा वाचून दावलं. पयले तर छातीत धडकीच भरली. मंग म्हने पुढचं ऐक, चिंतेचं कारन नाई. म्हटलं नाई तर नाई. वेचनी झाली का जाते येत्या सोमवारी, लाडू घेऊन. कसा हाय तो?”

बाकीच्या बाया हात थांबवून ऐकत होत्या.

“माय, तुम्ही आत्ता चला. तीनची गाडी आहे.”

“काऊन?”

“त्याला फार लागलंय. हात काढलाय. ताप उतरत नाही.”

तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी बोट बरोबर शेवटच्या ओळीवर ठेवलं. “पन याच्यात तर असं हाय.”

“ते चुकीचं आहे.”

“तुमाले कोनं सांगतलं चुकीचं हाय म्हनून? छापलेलं हाय ना हे!”

मी किती परीने सांगितलं, ती ऐकेना. तिला वाटलं मी कोणी भलताच, म्हातारीला फसवून नेतोय. मागच्या बायाही कुजबुजायला लागल्या. तोंडी सांगणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा गुरुजींनी वाचलेला पेपर खरा, हे त्यांचं चूक तरी कसं म्हणू? आम्हीच शिकवलं होतं त्यांना ते. शेवटी मी म्हणालो, “माय, ही बातमी मीच दिली. मी त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टर काय म्हणाले तेही माहीत होतं मला.”

“मंग असं काऊन लिवलं?”

काय सांगू? की तुमच्या लेकाची ओळ एका मोठ्या माणसाच्या मनगटाला लागली? की मला भूक लागली होती? मी म्हणालो, “चुकलं.”

तिने ओटी सोडली. वेचलेला सगळा कापूस पायाशी सांडला आणि ती चालायला लागली. घरी गेली नाही, लुगडं बदललं नाही, कोणाला काही बोलली नाही. दोन कोस मी तिच्या मागे जवळजवळ धावत होतो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. उकर्डा जिवंत होता. मला आतून इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. पोचलो! आईला वेळेवर आणलं!

ती खाटेवर वाकली. त्याच्या कपाळावरून हात फिरवला, रिकाम्या खांद्याकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

“माय,” तो म्हणाला. “आली तू.”

“आली रे माह्या सोन्या.”

“पाच दिस वाट पायली.” आवाज अगदी क्षीण होता, पण शब्द स्वच्छ. “पेपरात तर शनिवारीच आलं व्हतं. तुले समजलं नाई?”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

गाडीतलं एक तुम्हाला सांगायचं मी टाळलं. येताना डबा रिकामा होता. ती खिडकीशी बसली होती आणि मी समोर. बनोसा सुटल्यावर मी तिला हात जोडले. म्हणालो, माय, एक विनंती आहे. पेपरात काय छापलं होतं ते उकर्ड्याला सांगू नका. त्याच्या जिवाला लागेल. एवढं दुखणं सोसतोय आणि लोकांनी किरकोळ म्हटलं, हे ऐकून तो आणखी खचेल. असं मी मोठ्या काळजीने बोललो. ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, बरं. मी निर्धास्त झालो. कारण मला भीती त्याच्या जिवाची नव्हती. खाटेवरच्या त्या माणसाने माझ्याकडे वळून, ‘भाऊ, तुमीच लिवलं ना हे?’ असं विचारलं असतं, त्याची होती.

आणि आता तो विचारत होता, शनिवारीच कळलं तर आली का नाही.

“समजलं व्हतं रे,” कौतिकाबाई म्हणाली. “गुरुजींनं वाचलं.”

“मंग?”

तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. ती फक्त थांबली होती. मी बोलेन म्हणून थांबली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्यात आणि त्या खाटेत चार हातांचं अंतर नव्हतं. ‘अरे, माझी चूक झाली, तुझ्या मायचा दोष नाही,’ एवढंच म्हणायचं होतं. मी जमिनीकडे पाहिलं.

“वेचनी चालू व्हती ना, बाप्पा,” ती म्हणाली. “मधात सोडून येता येईना.”

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, बरोबर ऐकलं ना अशा नजरेने. मग त्याने हळूच मान भिंतीकडे वळवली. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, पाणी विचारलं, लहानपणीच्या नावाने हाका मारल्या. तो ‘हूं’ म्हणाला, ‘नको’ म्हणाला, पण मान परत वळवली नाही.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो गेला.

मी ओसरीवर होतो. कौतिकाबाई बाहेर येऊन खांबाला टेकून बसली. रडून झालं होतं. जिनातली चार माणसं पुढची तयारी करायला गेली होती. आता तरी बोलावं म्हणून मी तिच्यासमोर खाली बसलो.

“माय, मी सांगायला पाहिजे होतं. माझ्यामुळे उशीर झाला हे मी काल त्याला सांगायला पाहिजे होतं.”

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, जसं एखाद्या लहान पोराकडे पाहावं.

“आता कोनाले सांगता?” ती म्हणाली.